डेट्रॉइटचा युसुफ : ‘जॅझ मूड’च्या निमित्ताने

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्या कानांवर पडले ते दोन वाटांनी. एक वाट हिंदी सिनेमाची. मुंबईच्या स्टुडिओंतले गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि बाटानगरच्या कारखान्याच्या बँडमधून पुढे आलेले मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांनी ते घराघरांत नेले; वाजवणाऱ्याचे नाव मात्र ऐकणाऱ्याला क्वचितच ठाऊक असे. दुसरी वाट लग्नाच्या बँडची. सोलापुरात वरातीपुढे घाम गाळणाऱ्या बँडवाल्यांत आपली माणसे पुष्कळ. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ड्रम आणि जमले तर एखादा जुना, चेपलेला सॅक्सोफोन. हीच माणसे शुक्रवारी पहिल्या सफेत बसतात आणि वाजवणे जायज की नाजायज हा प्रश्न कुणी काढला की मान खाली घालतात. पोट आणि दीन यांच्यामध्ये उभे राहून आयुष्य काढलेल्या या वादकांवर मराठीत कुणी धड लिहिलेले नाही. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. पण युसुफ लतीफ यांची पहिली तबकडी ऐकताना मला ही माणसे सतत दिसत राहिली, म्हणून आरंभीच त्यांची याद केली.

युसुफ लतीफ हे जॅझच्या जगातले मान्यवर नाव. ‘जॅझ मूड’ ही त्यांची पहिली तबकडी म्हणून धरली जाते. १९५७ च्या एप्रिलमध्ये तिचे ध्वनिमुद्रण झाले आणि सॅव्हॉय या कंपनीने ती काढली. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. पहिल्या तबकडीला हे वय उशिराचेच. पंचविशीच्या आत तबकड्या निघालेले किती तरी वादक त्या काळात होते. या उशिराचा अर्थ तबकडीत ऐकू येतो. ही चाचपडणाऱ्या तरुणाची पहिली वही नाही. आपल्याला काय म्हणायचे ते ठाऊक असलेल्या, पण कोणत्या बोलीत म्हणायचे याचा अजून निर्णय न झालेल्या माणसाचे हे बोलणे आहे.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९२० चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनुगा गावचा. जन्मनाव विल्यम हडलस्टन. कुटुंब १९२५ मध्ये डेट्रॉइटला आले आणि वडिलांनी आडनाव बदलून इव्हान्स केले. दक्षिणेतल्या वर्णद्वेषाला कंटाळलेली काळी कुटुंबे त्या काळात उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत लोंढ्यांनी येत होती. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. जुनी मिल, विष्णू मिल, लक्ष्मी मिल, नरसिंग-गिरजी मिल यांच्या भोंग्यांवर ज्यांच्या आजोबांची पहाट होत असे, तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून पोटापाठी आलेल्यांच्या पेठा ज्यांनी पाहिल्या, त्यांना डेट्रॉइट परके वाटू नये. तिथे मोटारी बनत, इथे चादरी आणि कापड. पुढे दोन्हीकडचे भोंगे थंडावले हेही सारखेच.

विल्यम इव्हान्स १९४९ मध्ये डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात होते. त्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि युसुफ लतीफ हे नाव घेतले. आला तो इस्लाम कुठून? आपल्याकडूनच. पंजाबातल्या कादियानहून अहमदिया जमातीचे मुफ्ती मुहम्मद सादिक १९२० मध्ये अमेरिकेत उतरले आणि १९२१ मध्ये डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कमधून त्यांनी ‘मोस्लेम सनराइज’ हे नियतकालिक सुरू केले. अहमदियांना बहुसंख्य मुसलमान इस्लामच्या चौकटीत धरत नाहीत, हे वाचकांना ठाऊक आहेच. हा लेख त्या वादाचा निवाडा करायला बसलेला नाही. पण इतिहास पुसता येत नाही. आर्ट ब्लेकी, अहमद जमाल, साहिब शिहाब अशा किती तरी काळ्या वादकांपर्यंत कलमा पोहोचला तो या वाटेने. मालकाने गुलामाला दिलेले आडनाव टाकून देण्याची ती वाट होती. नाव बदलणे म्हणजे तिथे कागदावरची दुरुस्ती नव्हती. आपण कुणाचे, हे स्वतः ठरवण्याचा तो पहिला हक्क होता.

आता तबकडीकडे वळू. ध्वनिमुद्रण झाले न्यू जर्सीतल्या हॅकन्सॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली. गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे देत आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करत. जॅझच्या इतिहासातल्या किती तरी थोर तबकड्या या खोलीत जन्मल्या. लतीफ यांच्याबरोबर कर्टिस फुलर (ट्रॉम्बोन), ह्यू लॉसन (पियानो), अर्नी फॅरो (बास), लुई हेस (ड्रम) आणि लहानसहान तालवाद्यांना डग वॉटकिन्स. बहुतेक डेट्रॉइटचेच. लुई हेस तर अजून विशीतही आला नव्हता. फुलर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’मध्ये वाजवणार होता. एका शहरात एकत्र वाढलेल्या वादकांना एकमेकांचा श्वास ठाऊक असतो. कुणी कुठे थांबणार, कुठे दुसऱ्याला जागा देणार, हे इथे ठरवून केल्यासारखे वाटत नाही. तबकडीचे निम्मे यश या ओळखीचे आहे.

तबकडीत पाच रचना आहेत. चर्चा होते ती मुख्यतः पहिलीची, ‘मेटाफर’ची. कारण तिच्यात रबाब आणि अर्गुल आहेत. अर्गुल म्हणजे मिसर-फलस्तीनकडचे, दोन नळ्या जोडून केलेले फुंकवाद्य. एका नळीवर धून, दुसरीवर अखंड धरलेला एकच सूर. सनईच्या मागे सूर धरून बसलेला साथीदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वाद्य न पाहताही कळेल. फक्त इथे सनईवाला आणि सूर धरणारा एकाच माणसाच्या तोंडात आहेत. रबाब हे अरबांचे साधे तंतुवाद्य. तबकडीत ते अर्नी फॅरोच्या हाती आहे. ही वाद्ये ऐकून अनेक समीक्षकांनी या तबकडीला ‘पूर्वेचा सूर’ वगैरे म्हटले, आणि लतीफ यांच्या नावाकडे बोट दाखवून हिशेब पूर्ण केला : मुसलमान झाला, म्हणून अरबी वाद्ये घेतली.

हा हिशेब इतका सरळ नाही. रबाबची हकीकत खुद्द लतीफ यांनी सांगितलेली आहे. ते क्रायस्लरच्या मोटार कारखान्यात काम करत असताना तिथे त्यांना सीरियाचा एक कामगार भेटला. त्याने रबाबविषयी विचारले आणि पुढे एक रबाब त्यांना बनवूनही दिला. तबकड्या काढत राहायचे तर आपली चौकट रुंद केली पाहिजे, असे त्या सुमारास त्यांना वाटू लागले होते; म्हणून ग्रंथालयात बसून ते जगभरच्या संगीताचा अभ्यास करत होते. म्हणजे हा रबाब मक्का-मदिनेहून आलेला नाही. तो कारखान्याच्या पाळीत, दोन कामगारांच्या गप्पांतून आलेला आहे. मला ही हकीकत त्या रचनेपेक्षाही अधिक बोलकी वाटते.

कारण स्पष्ट सांगायचे तर ‘मेटाफर’ ही या तबकडीतली सर्वांत दुबळी रचना आहे. आरंभीचे वातावरण सुंदर आहे यात शंका नाही. पण ते वातावरणच राहते. रबाब आणि अर्गुल दार उघडून देतात आणि बाजूला होतात. पुढची वाटचाल बासरी आणि पियानो आपल्या नेहमीच्या रस्त्याने करतात. वाद्य आले, पण वाद्याबरोबर त्याचा विचार आला नाही. एका सुरावर ठाण मांडून बसण्याची आपली जी रीत, धीर धरून एकेक सूर उलगडण्याची जी सवय, ती इथे पाहुण्यासारखी येऊन जाते. सोलापूरच्या जाधव घराण्याने सुंदरी हे सनईच्या कुळातले छोटे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या जपले. ती सुंदरी ऐकलेल्या कानाला अर्गुलची इथली हजेरी अपुरी वाटेल. लतीफ यांना हे कळत नसेल असे नाही. पहिल्या भेटीतच वाद्य वश होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय काळही पाहायला हवा. याच १९५७ मध्ये मार्टिन डेनीची ‘एक्झॉटिका’ ही तबकडी अमेरिकेत बाहेर पडली. पक्ष्यांचे आवाज, बेटांचे ढोल, गोऱ्या दिवाणखान्यात बसून पाहायची दूरदेशीची स्वप्ने. ‘पूर्व’ हा त्या बाजारात खपणारा माल होता. लतीफ यांची जिज्ञासा प्रामाणिक होती, पण जिथे ती विकली जाणार होती ते दुकान तेच. आपल्या सिनेमानेही दुसरे काय केले? पडद्यावर वाळवंट किंवा बुरखा आला की ठराविक सुरावट आणि डफ वाजू लागतात. मुसलमान दाखवायचा तर त्याला आधी अरबस्तानात नेऊन ठेवायचे, ही खोड हॉलिवूडची तशी मुंबईचीही.

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी, की ही तबकडी दुसऱ्या रचनेपासून ऐकावी. ‘युसुफ्स मूड’. इथे रबाब-अर्गुल यांची जुळवाजुळव नाही. हा सरळ ब्लूज आहे. ब्लूज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चार-चार मात्रांचे बारा खंड, त्यांचे एक आवर्तन. गाण्यात त्याच्या साधारण तीन ओळी होतात : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. कापसाच्या शेतांतून, तुरुंगांतून, चर्चच्या अंगणांतून आलेला हा साचा काळ्या अमेरिकेची ओवी आहे असे म्हटले तरी चालेल. बाई जात्यावर बसली की ओवीचा घाट शोधत नाही, तो हाताशी असतोच. ‘युसुफ्स मूड’मध्ये लॉसनचा पियानो गुत्त्यातल्या पियानोसारखा डुलतो, हेस ताल पुढे रेटत राहतो आणि लतीफ यांचा टेनर सॅक्सोफोन त्यावर भरड्या, रुंद आवाजात बोलू लागतो. हा आवाज गुळगुळीत नाही. त्याच्यात घोगरेपणा आहे, मध्येच हाक मारल्यासारखी किंचाळी आहे, नाचाच्या रात्री वाजवून वाजवून कमावलेला दम आहे. आणि नाव पाहा : हा युसुफचा मूड आहे. नव्या नावाची सही त्यांनी केली ती अर्गुलवाल्या रचनेवर नाही. ती केली बापजाद्यांच्या ब्लूजवर.

मला वाटते, या तबकडीचे मर्म इथे आहे. युसुफ लतीफ यांचा इस्लाम ऐकायचा असेल तर तो वाद्यांच्या यादीत सापडणार नाही. नाव बदलले, दीन बदलला, आणि तरीही माणूस आपल्या गल्लीच्या बोलीतच सर्वांत खरे बोलला. त्याच्या बोलीने त्याच्या दीनाला बाध आणला नाही, दीनानेही बोलीला नाही.

हे लिहिताना मला आपला जुना वाद आठवणे अपरिहार्य आहे. १९९० मध्ये याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून एक प्रश्न आपल्या मागे लागलेला आहे : मुस्लिम मराठी साहित्यातले मुस्लिमपण कशात? आजही कथा-कवितांची हस्तलिखिते चाळली तर दिसते, की काही लेखकांनी या प्रश्नाला ‘मेटाफर’चे उत्तर शोधलेले आहे. दर ओळीत दोन उर्दू शब्द, खजुराचे झाड, वाळवंटातली पहाट, अजानचा स्वर, की झाली मुस्लिम कविता. बार्शी-पंढरपूरच्या पट्ट्यात वाढलेल्या कवीने वाळवंट म्हटले तर ते चंद्रभागेचे असायला हवे. आणि बाहेरचे समीक्षकही नेमके हेच रबाब-अर्गुल आपल्यात शोधतात. ते सापडले की ‘वेगळे अनुभवविश्व’ म्हणून पाठ थोपटतात, आणि सापडले नाहीत तर ‘यात मुस्लिम असे काय आहे?’ म्हणून विचारतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो कोणत्या बोलीत? बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलचा शाहीर अमर शेख झाला तो कुणाच्या पहाडी आवाजात? मोहर्रमच्या करबल गाण्यांतला मातम कोणत्या भाषेत होतो? ही आपली ‘युसुफ्स मूड’ आहेत. फक्रुद्दीन बेन्नूर (निधन २०१८) याच शहरात राहून इथल्या मुसलमानाची ओळख इथल्या जातीपातींत, कष्टांत, बोलींत शोधा असे आयुष्यभर मांडत राहिले. त्यांना जॅझविषयी काय वाटत असेल ते मला सांगता येणार नाही, पण या तबकडीचा तंटा त्यांच्याच अंगणातला आहे.

अर्थात रबाब उचलणे म्हणजे दिखाऊपणा, असे मला म्हणायचे नाही. लतीफ यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती आपल्याला लागू होत नाही. गुलामांच्या जहाजांतून गेलेल्या माणसाचा मागचा सगळा पत्ता कापलेला होता. भाषा गेली, देव गेला, नाव गेले. त्या आफ्रिकी गुलामांत मुसलमानही होते. त्यांच्या नातवंडांना ते कुणी सांगितले नाही. अशा माणसाने अर्गुल हातात घेतले तर ते हरवलेल्या घराचे दार ठोठावणे असते. त्याला भूतकाळ शोधावा लागतो. आपला भूतकाळ दर्ग्याच्या पायरीवर, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, आजीच्या बोलण्यात पडलेला आहे. तो सोडून आपण दूरचा उसना आणतो, एवढाच फरक.

या दोन टोकांचा मेळ तबकडीत एकदा बसला आहे, तो ‘मॉर्निंग’मध्ये. ही चौथी रचना. संथ, जड पावलांची. खाली एकच आकृती पुन्हा पुन्हा येत राहते, तिच्याभोवती लहान तालवाद्यांची कुजबुज, बोटांच्या झांजांचा बारीक नाद. आणि वर लतीफ यांचा टेनर. इथे तो पळत नाही. एखादा सूर धरतो, त्याला वळवतो, सोडतो, थांबतो. ‘मेटाफर’मध्ये जे वाद्य बदलून साधले नाही, ते इथे सॅक्सोफोनवरच साधले आहे : एका जागी थांबण्याचा धीर. पूर्व इथे वाद्यात नाही, वेळ घेण्यात आहे. तरी सुरांच्या वळणांतली वेदना ब्लूजचीच. पहाट कुठली म्हणाल तर मला ती पाळीवर निघालेल्या माणसाची वाटते. फुलरचा ट्रॉम्बोन तिच्यात धुके घालतो. केवळ या एका रचनेसाठी तबकडी जवळ ठेवावी. ‘द बिगिनिंग’ आणि ‘ब्लूज इन स्पेस’ या उरलेल्या दोन चांगल्या आहेत, नीटस आहेत, त्या वेळच्या चांगल्या जॅझसारख्या आहेत. त्यापलीकडे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे थोडे.

एक गोष्ट मात्र तबकडीच्या नावाविषयी. ‘जॅझ मूड’ या नावातला पहिला शब्द लतीफ यांनी पुढे टाकून दिला. जॅझ या शब्दाला चिकटलेले हीन अर्थ त्यांना मान्य नव्हते. आपल्या संगीताला ते शरीर, मन आणि आत्मा यांतून येणारे संगीत अशा अर्थाचा स्वतः घडवलेला लांबलचक शब्द वापरत. १९८० च्या सुमारास त्यांनी दारू विकली जाते अशा क्लबांत वाजवणेही सोडले. जॅझच्या वादकाची रोजीरोटी तिथेच असते हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाची किंमत कळते. संगीत सोडले नाही, गुत्ता सोडला. आपल्याकडे हा वाद नेहमी ‘मौसिकी हलाल की हराम’ या दोनच टोकांवर अडकतो. कुठे वाजवायचे, कुणापुढे, कोणत्या अटींवर, हा मधला आणि खरा प्रश्न कुणी विचारत नाही. वरातीपुढे दारू पिऊन नाचणाऱ्यांच्या धक्क्यांत वाजवणाऱ्या आपल्या बँडवाल्याला तो विचारायचा हक्क आहे, आणि परवडत नाही हेही खरे.

पुढे त्यांनी १९७५ मध्ये पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षणपद्धतींवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, १९८० च्या दशकात काही वर्षे नायजेरियातल्या झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठात काढून तिथल्या फुलानींच्या बासरीचा अभ्यास केला, सुरावटींचा जाडजूड कोश सिद्ध केला. २३ डिसेंबर २०१३ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यांचे निधन झाले. या काळात ओबोसारखी वाद्ये त्यांच्या हातात इतकी मुरली, की १९६१ च्या ‘ईस्टर्न साउंड्स’मध्ये ती पाहुणी वाटत नाहीत. ‘जॅझ मूड’मधली उणीव त्यांनी स्वतःच भरून काढली. तरी १९६९ मध्ये त्यांनी आपल्या शहरावर एक तबकडी केली, तेव्हा तिच्यातल्या रचनांना नावे दिली ती डेट्रॉइटच्या रस्त्यांची आणि बाजाराची : वुडवर्ड अॅव्हेन्यू, ईस्टर्न मार्केट. आणि तबकडीच्या नावात शहराचा पत्ताही घातला : अक्षांश ४२ अंश ३० मिनिटे, रेखांश ८३ अंश.